चिप हवीच, पण मातृत्वाच्या मोलाने नव्हे!

जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका वृत्ताने देशभर खळबळ माजली होती. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदुर येथे 'ॲपल' या अमेरिकन कंपनीसाठी आयफोनची जुळणी करणाऱ्या 'फॉक्सकॉन' या तैवानी कंपनीच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घेण्याचे टाळले जाते, असे त्या वृत्तात म्हटले होते. त्यासाठी सांगितली गेलेली कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. विवाहितेवर घरच्या जबाबदाऱ्या असतात, ती गर्भवती होते, तिच्या रजा वाढतात. आणि हिंदू विवाहितेच्या पायांतील जोडवी व गळ्यातील मंगळसूत्र उत्पादनाच्या आड येतात! कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्य सरकारकडून अहवाल मागविला, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. चौकशीला आलेल्या श्रम अधिकाऱ्यांना कंपनीने जी माहिती दिली, तीनुसार कारखान्यातील सुमारे ४१ हजार मनुष्यबळात ३३ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी विवाहित होत्या अवघ्या २,७५०. म्हणजे शंभरात आठ.

सौभाग्यलेण्यांचा उल्लेख आल्यामुळे समाजाच्या भावना दुखावल्या जाणे स्वाभाविकच होते. परंतु संतापाची ती लाट ओसरली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. या उद्योगाला एकोणीस-वीस वर्षांची अविवाहित मुलगीच का हवी असते? तिची बोटे चपळ असतात, दृष्टी तीक्ष्ण असते, ती वसतिगृहात राहते, रात्रपाळीला नकार देत नाही आणि प्रसूतिरजा मागत नाही, हे उत्तर उघड आहे. पण तीन-चार वर्षांनी लग्न ठरून ती घरी परतते, तेव्हा आपल्या शरीरात ती काय घेऊन जाते, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. कारखान्याच्या नोंदवहीत तिचे नाव तोवर पुसले गेलेले असते. पुढे तिची कूस उजवली की उजाड राहिली, याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावरच नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. गुजरातेतील साणंद व धोलेरा, आसामातील जागीरोड येथे प्रकल्पांचे काम सुरू झाले. राष्ट्राच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. क्षेपणास्त्रापासून मोटारीपर्यंत सर्वत्र लागणाऱ्या चिपसाठी परक्याच्या दारात उभे राहणाऱ्या राष्ट्राचे स्वातंत्र्य अपुरेच असते. परंतु जो उद्योग भारत आपल्या अंगणात आणीत आहे, त्या उद्योगाला चार दशकांचा एक काळा इतिहास आहे आणि तो स्त्रियांच्या गर्भाशयावर लिहिला गेला आहे. तो वाचल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून विहिरीच्या काठाने चालणे होय.

पोशाख कोणाच्या रक्षणासाठी?

चिपच्या कारखान्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. शुभ्र दालन, डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेल्या कामगार स्त्रिया, केवळ डोळे उघडे. पाहणाऱ्याला वाटते, किती ही स्वच्छता आणि केवढी ही काळजी! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तो पोशाख चिपपासून स्त्रीचे रक्षण करीत नाही. स्त्रीच्या केसांपासून, त्वचेच्या कणांपासून आणि श्वासापासून चिपचे रक्षण करतो. त्या दालनातील हवा बारीक गाळण्यांतून पुन्हा पुन्हा फिरविली जाते. या गाळण्या धुळीचा सूक्ष्म कणही अडवितात. रसायनांची वाफ मात्र त्यांना अडविता येत नाही. 'क्लीनरूम'मधील स्वच्छता ही सिलिकॉनच्या चकतीसाठी असते, तेथे श्वास घेणाऱ्या माणसासाठी नव्हे.

त्या चकतीवर परिपथ उमटविण्यासाठी प्रकाशाला संवेदनशील असा राळेसारखा लेप द्यावा लागतो. तो लेप पातळ करण्यासाठी अनेक वर्षे इथिलीन ग्लायकॉल इथर या गटातील द्रावके वापरली जात. श्वासावाटे आणि त्वचेवाटेही ही द्रावके शरीरात शिरतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांनी नराचे वृषण आणि मादीच्या पोटातील गर्भ या दोहोंना इजा केल्याचे १९८० च्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट झाले होते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने १९८२ मध्ये त्याविषयी इशाराही दिला होता. याखेरीज चकतीत मिसळण्यासाठी आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी वायू, कोरण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल, धुण्यासाठी नाना द्रावके, अशी शेकडो रसायने या एकाच छपराखाली नांदतात. त्यांतील कित्येकांची नावे 'व्यापारी गुपित' या सबबीखाली कामगाराला सांगितलीही जात नाहीत.

अमेरिकेला ठाऊक झाले, तेव्हा काय घडले?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तेथील स्त्रियांमध्ये गर्भपात वाढल्याची कुजबुज सुरू झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये पुढे आले आणि १९८८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रसायनांशी संबंध नसलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण १७.८ टक्के होते. लेपन व प्रकाशमुद्रणाच्या विभागात ते ३१.३ टक्के आणि 'डिफ्यूजन' विभागात ३८.९ टक्के आढळले. म्हणजे दुपटीहून अधिक.

उद्योगाने प्रथम हेच सांगितले, की पाहणी लहान आहे, एकाच कारखान्याची आहे, तीवरून अनुमान काढणे घाईचे ठरेल. मग उद्योगाच्या संघटनेनेच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांकडे चौदा कंपन्यांतील कामगारांचा अभ्यास सोपविला. आयबीएम कंपनीने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून स्वतंत्र अभ्यास करविला. १९९२ मध्ये दोहोंचे निष्कर्ष हाती आले. डेव्हिसच्या अभ्यासात चकती घडविणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक दिसला. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात ग्लायकॉल इथरशी सर्वाधिक संपर्क असलेल्या स्त्रियांमध्ये तो पावणेतीन पटींच्या घरात गेला. उद्योगाने स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या संशोधकांकरवी केलेल्या अभ्यासांनी उद्योगालाच खोटे पाडले.

तीन अभ्यास, तीन वेगवेगळे संशोधक, आणि निष्कर्ष एकच. त्यानंतर अमेरिकी उद्योगाने ही द्रावके टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. गोष्ट येथे संपली असती, तर ती एका चुकीच्या परिमार्जनाची गोष्ट ठरली असती. परंतु ती येथे संपली नाही.

विष गेले पूर्वेकडे

त्याच काळात चिप घडविण्याचा उद्योग अमेरिकेतून आशियाकडे सरकत होता. यंत्रे आली, तंत्रज्ञान आले, ग्राहकही आले; परंतु तेथे मिळालेला धडा मात्र सीमाशुल्क नाक्यावरच अडविला गेला. ब्लूमबर्ग बिझनेसवीक या अमेरिकन नियतकालिकाने २०१७ मध्ये प्रदीर्घ शोधवृत्त प्रसिद्ध करून दाखवून दिले, की अमेरिकेने आपल्या लेकींसाठी घातक ठरविलेली द्रावके दक्षिण कोरियाच्या कारखान्यांत पुढेही अनेक वर्षे पोहोचत राहिली. अमेरिकन स्त्रीचा गर्भ मोलाचा आणि आशियाई स्त्रीचा गर्भ स्वस्त, असा हा जागतिकीकरणाचा अलिखित दरफलक होता.

कोरियातील गिहुंग येथील सॅमसंगच्या कारखान्यात शाळा संपवून लागलेली ह्वांग यु-मी ही मुलगी २००७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिचे वडील टॅक्सीचालक होते. तिच्या शेजारच्या जागेवर काम करणारी सहकारीही त्याच रोगाने गेल्याचे त्यांना कळले आणि त्या पित्याने जगातील एका बलाढ्य कंपनीशी अकरा वर्षे झुंज दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागितली. त्या समझोत्यात कर्करोगाबरोबरच गर्भपात आणि अपत्यांमधील जन्मजात व्याधी यांचाही भरपाईत समावेश करावा लागला. पुढे कोरियाने कायदा बदलला. आईच्या कामामुळे पोटातील बाळाला झालेली इजा हा औद्योगिक अपघात मानावा, ही तरतूद जानेवारी २०२३ पासून तेथे लागू झाली आणि २०२४ मध्ये चिप कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या मुलांची व्याधी तेथील शासकीय यंत्रणेने कामाशी निगडित म्हणून मान्य केली.

तैवानची कथा याहून जुनी. ताओयुआन येथे आरसीए या अमेरिकन कंपनीचा दूरचित्रवाणी संचांच्या भागांचा कारखाना १९७० ते १९९२ या काळात चालला. वापरलेली द्रावके जमिनीत मुरली, भूजलात उतरली, आणि तेच पाणी वसतिगृहातील मुलींच्या पिण्यात आले. कारखाना बंद झाला, मालकी बदलत गेली, पण कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रिया मागे उरल्या. तैपेईच्या न्यायालयाने सुमारे ५६ कोटी तैवानी डॉलर भरपाईचा निकाल दिला, तो २०१५ मध्ये. कारखान्याला टाळे लागून तेवीस वर्षे लोटल्यावर!

आणि स्वतःला कामगारांचे राज्य म्हणविणारा चीन? सुझौ येथील विंटेक कंपनीत फोनचे पडदे चटकन पुसता यावेत म्हणून साध्या अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे द्रावक वापरले गेले. त्यामुळे १३७ कामगारांच्या मज्जातंतूंना इजा झाली. ॲपलने २०११ च्या आपल्या अहवालात ती गोष्ट मान्य केली. काही क्षणांचा वेळ वाचविण्यासाठी माणसांचे हातपाय पणाला लावले गेले, आणि ज्या राज्यात सरकारमान्य संघटनेखेरीज दुसरी कामगार संघटना काढताच येत नाही, तेथे त्यांचा आवाज विदेशी कंपनीच्या अहवालातूनही जगाला ऐकू आला. भांडवलशाहीच्या लेखी कामगार स्त्री हा खर्चाचा आकडा. साम्यवादाच्या लेखी ती उत्पादनाचे एकक. तिच्या पोटी उद्याची पिढी वाढते, याचे भान दोन्ही दर्शनांना नाही. दोघांची भाषा वेगळी, पण हिशेबाची वही एकच.

'अविवाहित आहे, मग चिंता कसली?'

येथे एक युक्तिवाद पुढे केला जातो. कारखान्यात अविवाहित मुलीच असतील, तर गर्भाला धोका होण्याचा प्रश्नच कोठे येतो? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद शरीरशास्त्राच्या प्राथमिक माहितीपुढे टिकत नाही.

शिशाचेच उदाहरण घ्यावे. कथील व शिसे यांच्या मिश्रणाने परिपथाच्या पाट्यांवर डाग देण्याचे काम दशकानुदशके चालत आले. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून आणि भारताने २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर मर्यादा घातली. तरीही सूट मिळालेल्या उपकरणांत, लहानसहान जुळणीच्या गाळ्यांत, दुरुस्तीच्या दुकानांत आणि भंगार फोडणाऱ्या वस्त्यांत शिसे अद्याप आहेच. शरीरात गेलेले शिसे रक्तातून हाडांत जाऊन बसते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. पुढे स्त्री गर्भवती झाली, की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतील कॅल्शियम सुटू लागते, आणि त्याबरोबर साठलेले शिसेही सुटते. वार त्याला अडवू शकत नाही. म्हणजे विसाव्या वर्षी अविवाहित असताना घेतलेले विष सव्विसाव्या वर्षी, नोकरी सोडून गावी आल्यावर, बाळापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी कोणता कारखाना जबाबदारी घेणार? आणि गावातील सासूने व शेजारणींनी 'हिच्याच नशिबात नाही' म्हणून सुनेला बोल लावला, तर तिची बाजू कोणी मांडायची?

फोनची जुळणी आणि चिपची घडण ही दोन वेगळी कामे आहेत, हे खरे. जुळणीच्या दालनात प्रकाशमुद्रणाची द्रावके नसतात. तेथे असतात पुसण्याची द्रावके, डिंक, डाग देताना निघणारा धूर, तासन्तास एकाच स्थितीत बसणे वा उभे राहणे आणि रात्रपाळी. धोका सर्वत्र सारखा नाही. पण म्हणूनच कोठे किती आहे, हे मोजण्याची गरज अधिक आहे. न मोजलेला धोका म्हणजे नसलेला धोका नव्हे.

दोन चुकीचे मार्ग

या प्रश्नावर जगाने दोन चुकीचे मार्ग चोखाळून पाहिले. पहिला मार्ग, स्त्रीलाच बाहेर काढणे. अमेरिकेतील जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी उत्पादक कंपनीने शिशाशी संबंध येणाऱ्या कामांवर मूल होऊ शकणाऱ्या सर्व स्त्रियांना बंदी घातली होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ती बंदी अवैध ठरविली. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवली, तरी त्या धोरणातील ढोंग उघड आहे. शिसे पुरुषाच्या बीजालाही इजा करते. ग्लायकॉल इथरही करतात. केवळ स्त्रीला बाहेर काढून विष तसेच ठेवणे म्हणजे होणाऱ्या पित्याच्या वाटेने तेच विष घरात पाठविणे होय. शिवाय स्त्रीची भाकर गेली, ती वेगळीच.

दुसरा मार्ग याहून भयंकर आहे; तो म्हणजे स्त्रीने आपले मातृत्वच काढून टाकणे. १९७८ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अमेरिकन सायनामिड कंपनीच्या विलो आयलंड येथील कारखान्यात नोकरी टिकविण्यासाठी पाच स्त्रियांनी स्वतःवर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. हे वाचून कोणी मराठी माणसाने 'अमेरिकेत काय वाटेल ते घडते' म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याच बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला, तर मुकादम दंड कापतो, म्हणून गर्भाशयच नको! विलो आयलंडचा रंगाचा कारखाना आणि मराठवाड्यातील उसाचा फड यांच्यात समुद्राचे अंतर आहे. पण स्त्रीपुढे ठेवलेली अट एकच आहे. पोट भरायचे असेल, तर कूस सोड.

कायद्याच्या पुस्तकात काय आहे?

भारतात कायदा नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला होता. भोपाळच्या हाहाकारानंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने घातक रसायनांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन कारखानदारावर घातले. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची सवेतन रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची केली. १९७६ च्या समान मोबदला अधिनियमाने भरतीत स्त्रीविषयी भेदभाव करण्यास मनाई केली होती. श्रीपेरुंबुदुर प्रकरणात मंत्रालयाने त्याच अधिनियमाचा आधार घेतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे कायदे चार श्रमसंहितांत सामावले गेले.

परंतु या सगळ्या तरतुदींमध्ये एक मोठे भगदाड आहे. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, बेंझीनची विषबाधा आहे. पण कामामुळे झालेला गर्भपात, कामामुळे आलेले वंध्यत्व, कामामुळे बाळाला जडलेले व्यंग यांना त्या यादीत स्थान नाही. कायदा गर्भपात झालेल्या स्त्रीला रजा देतो. गर्भपात का झाला, हे मात्र विचारीत नाही. जे कोरियाला सुचले, ते गर्भसंस्काराची परंपरा सांगणाऱ्या भारताला का सुचू नये?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिसे, पारा, कॅडमियम यांवरील मर्यादा हीदेखील वस्तूसाठी आहे. ती विकत घेणाऱ्याच्या आणि उद्याच्या कचऱ्याच्या काळजीपोटी आहे. ती वस्तू घडविणाऱ्या हातांसाठी तेवढी तत्परता दिसत नाही. भारतीय मजदूर संघाने २०२० मध्येच औद्योगिक संबंध आणि व्यावसायिक सुरक्षा या दोन संहितांतील काही तरतुदींना विरोध नोंदविला होता. सरकार आपल्या विचारांचे आहे, म्हणून कामगाराच्या हिताविषयी मौन पाळण्याची परंपरा दत्तोपंत ठेंगडींनी घालून दिलेली नाही.

'गुंतवणूक निघून जाईल' हा बागुलबुवा

असे प्रश्न उपस्थित केले, की एक ठरलेला आक्षेप येतो. 'अशी चर्चा केली, तर गुंतवणूक व्हिएतनामला जाईल, चीन हसेल, विकासाला खीळ बसेल.' या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर दिले आहे. सॅमसंगने क्षमा मागितली, भरपाई दिली, म्हणून कोरियाचा चिप उद्योग बुडाला नाही. अमेरिकेने ग्लायकॉल इथर टाकले, म्हणून तेथील संशोधन थांबले नाही. ज्या द्रावकांवाचून चालणारच नाही असे सांगितले जात होते, त्यांना पर्याय सापडले. सक्ती झाली तेव्हा लगेच सापडले. सुरक्षिततेने उद्योग मरत नाही. निष्काळजीपणाने मात्र गावेच्या गावे मरतात, हे भोपाळने १९८४ मध्ये दाखवून दिले. त्या वायूने पहिल्या रात्रीच हजारो बळी घेतले आणि वायू अंगावर घेतलेल्या गर्भवतींमध्ये पुढे गर्भपातांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. ज्या भोपाळमध्ये २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना झाली, त्याच भोपाळने एकोणतीस वर्षांनी हा धडा शिकविला, हे तरी विसरले जाऊ नये.

याच्या उलट दुसरे एक टोक आहे. प्रत्येक कारखान्यात केवळ शोषण पाहणारी, धरणाला विरोध, रस्त्याला विरोध, अणुवीजेला विरोध आणि आता चिपलाही विरोध करणारी एक जमात देशात आहे. तिला कामगार भगिनीच्या कुशीपेक्षा आपल्या मोर्चाच्या छायाचित्राची चिंता अधिक असते. चिपचा कारखाना होऊच नये, हे तिचे उत्तर. राष्ट्रवादी विचाराचे उत्तर तसे नाही. कारखाना व्हावा, येथेच व्हावा, भारतीय बुद्धीने आणि भारतीय हातांनी व्हावा. परंतु त्यावर 'भारतात घडविलेले' अशी मुद्रा उमटविताना भारताची माता सुरक्षित असावी. ठेंगडींनी राष्ट्राच्या औद्योगिकीकरणाबरोबर उद्योगाच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी यंत्र नव्हे, तर माणूस ठेवला. आणि तोही शरीर, मन, बुद्धी, आत्मा यांचा अखंड समुच्चय म्हणून. केवळ चपळ बोटांपुरती स्त्री विकत घेणारा उद्योग त्या दर्शनाच्या नेमका विरुद्ध टोकाला उभा आहे.

परंपरेचा दाखला केवळ भाषणापुरता नको

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींचे स्वतंत्र विवेचन आहे. सुश्रुताने गर्भवतीला दोन हृदयांची म्हटले आणि तिच्या इच्छा डावलू नयेत असे सांगितले. आपल्या घरांतील डोहाळे पुरविण्याची रीत त्याच विचाराचा वारसा सांगते. पुंसवन, सीमंतोन्नयन हे संस्कार गर्भाच्या कल्याणासाठीच योजिले गेले. बाळाचा विचार त्याच्या जन्माआधी करणारी ही संस्कृती आहे. मग त्याच संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने घरी सुनेची ओटी भरायची, आणि तीच सून कामावर कोणत्या वाफेत श्वास घेते याची चौकशीही करायची नाही, हे कसे? आजच्या काळातील गर्भसंस्कार हा केवळ मंत्रश्रवणाने पुरा होत नाही. कारखान्याच्या वायुवीजनाची तपासणी हाही त्याचाच भाग आहे.

मातृत्वाचा गौरव याचा अर्थ स्त्रीला घरात कोंडणे असा काहींनी लावला आहे. तो अर्थ सोयीचा असेल, खरा नव्हे. जी मुलगी आपल्या वेतनातून भावाचे शिक्षण करते, बापाचे कर्ज फेडते, तिने काम करावेच. प्रश्न तिने काम करावे की नाही हा नसून, कामाने तिच्याकडून काय घ्यावे हा आहे. श्रम घ्यावेत; संतती घेऊ नये.

काय करावयास हवे?

प्रथम, इलेक्ट्रॉनिक व चिप उद्योगातील प्रत्येक रसायनाची यादी व त्याचे परिणाम कामगाराच्या मातृभाषेत, कामाच्या जागी लावलेले असावेत. पुनरुत्पादनाला घातक ठरलेल्या रसायनांना 'व्यापारी गुपित' हे संरक्षण मिळता कामा नये. ग्लायकॉल इथर गटातील सिद्ध घातक द्रावकांवर, कारखाना देशी असो वा विदेशी, पहिल्या दिवसापासून बंदी असावी. ती आधी आणून मग हळूहळू घालविण्याची चैन भारताला परवडणारी नाही.

दुसरे, गर्भवती स्त्रीला, आणि गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीलाही, केवळ तिच्या शब्दावर, वेतनात कपात न करता सुरक्षित विभागात बदली मिळावी. ठेकेदारामार्फत आलेल्या मुलीलाही हा अधिकार तेवढाच असावा. कारण या उद्योगाचा मोठा भार ठेक्यावरच चालतो.

तिसरे, व्यवसायजन्य व्याधींच्या यादीत गर्भपात, वंध्यत्व आणि अपत्यातील जन्मजात व्याधी यांचा समावेश व्हावा. आणि त्या कामामुळे झाल्या नाहीत हे सिद्ध करण्याचा भार कारखानदारावर असावा. रसायनांची नोंदवही ज्याच्या कपाटात आहे, त्यानेच पुरावा द्यावा. टॅक्सी चालविणाऱ्या बापाने अकरा वर्षे पुरावे गोळा करीत फिरावे, अशी वेळ भारतातील कोणत्याही बापावर येऊ नये.

चौथे, राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अहमदाबादेत आहे, आणि साणंद व धोलेरा हे दोन्ही त्याच अहमदाबाद जिल्ह्यात आहेत. यापेक्षा सोयीचा योग कोणता? चकती घडविणारी पहिली तुकडी कामावर रुजू होते, त्याच दिवसापासून या संस्थेने त्या स्त्री-पुरुषांच्या आरोग्याची नोंद ठेवण्यास आरंभ करावा, नोकरी सोडल्यावरही ती चालू ठेवावी आणि निष्कर्ष जनतेपुढे मांडावेत. अमेरिकेने गर्भ गमावल्यावर मोजणी केली. भारताने आधी मोजावे.

पाचवे काम समाजाचे आहे. रांजणगाव, चाकणपासून श्रीपेरुंबुदुर, होसूरपर्यंत खोल्या भाड्याने घेऊन वा वसतिगृहांत राहणाऱ्या हजारो मुली आहेत. त्यांना बोलण्यासाठी मोठ्या बहिणीसारखे कोणीतरी हवे असते. पाळी अनियमित झाली, अंगावरून जाऊ लागले, दोनदा गर्भ राहून पडला, या गोष्टी त्या पर्यवेक्षकाला सांगणार नाहीत, संघटनेच्या पुरुष पदाधिकाऱ्यालाही नाहीत. सेविका समितीच्या भगिनींनी, महिला डॉक्टरांनी, सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या वसतिगृहांचे उंबरे झिजविले पाहिजेत. हडसनच्या कारखान्यातील सत्य प्रथम कोणा शास्त्रज्ञाला नव्हे, तर स्त्रियांच्या आपापसातील कुजबुजीला कळले होते. ती कुजबुज ऐकणारे कान येथेही हवेत.

विश्वकर्मा जयंतीला देशभरातील कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. यंत्राला हळद-कुंकू वाहणाऱ्या या देशात त्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या लेकीची कूस रिकामी राहणार असेल, तर ती पूजा देवापर्यंत पोहोचणार नाही. भारताने जगाला चिप द्यावी, अवश्य द्यावी. आणि तिच्याबरोबर हेही दाखवून द्यावे, की जे अमेरिकेने शिकून लपविले, कोरियाने रडून शिकले आणि चीनने दडपले, ते भारताने आपल्या मातांचा बळी न देता साधले. स्वदेशी या शब्दाला याहून मोठा अर्थ नाही.